मदत हवी आहे: तीन सुतांचे टॉवेल, टी-टेस्ट लावू की अनोव्हा?

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी टॉवेल किती पाणी शोषतात ते मोजतोय. घरचेच यंत्रमाग, त्यामुळे टॉवेलला तोटा नाही! तीन प्रकारचं सूत, प्रत्येकाचे १२ टॉवेल.

मित्र म्हणतो, दोन-दोनच्या जोड्या लावून तीन टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरीत खरा फरक आहे का ते तपासणारी चाचणी) कर. पण प्रत्येक वेळी ५ टक्के चूक धरली, तर तिन्हींत मिळून निदान एकदा खोटा फरक दिसण्याची शक्यता १४ टक्क्यांच्या आसपास जाते ना? म्हणून आधी अनोव्हा (सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकदम तपासणारी चाचणी), मग नेमका फरक कोणत्या जोडीत ते बघायला ट्युकीची चाचणी, असं ठरवलंय. अडचण अशी की एका सुताचे आकडे फारच विखुरलेत, बाकी दोन्हींचे एकमेकांच्या जवळ आहेत. अशा वेळी वेल्चचा अनोव्हा (गटांचा विखुरलेपणा सारखा नसला तरी चालणारा) घ्यावा का? मग ट्युकीऐवजी तशीच चालणारी गेम्स-हॉवेल चाचणी? एक्सेलच्या तयार यादीत हे दिसत नाही, आर (R) हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल बहुतेक.

खरी धास्ती वेगळीच आहे. प्रत्येक सुताचे बाराही टॉवेल एकाच मागावरचे, एकाच ताण्याचे (मागावर लावलेल्या उभ्या धाग्यांचे). म्हणजे फरक सुताचा की मागाचा? हे १२ स्वतंत्र नमुने धरायचे की एकच? गाईडना विचारायच्या आधी कुणीतरी सांगा, परत विणायला लावतील ते.