क्लेअरमॉण्ट यांचे ‘एक्स-मेन’कडे परतणे : दोष लेखकाचा की मांडणीचा?

धागालेखक
क्रिस क्लेअरमॉण्ट यांनी १९७५ ते १९९१ अशी सोळा वर्षे मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनाची ‘एक्स-मेन’ ही चित्रकथा मालिका लिहिली, संपादक बॉब हॅरस यांच्याशी मतभेद झाल्यावर ती सोडली आणि २००० साली ते तिच्या दोन्ही मुख्य मासिकांवर परतले. वर्षभराच्या आतच ती मासिके पुन्हा दुसऱ्यांकडे गेली. हे पुनरागमन फसले हे मान्य करूनही, त्याचे खापर केवळ त्यांच्या लेखणीवर फोडणे मला अन्याय्य वाटते. त्यांच्या पहिल्या कारकिर्दीत जीन ग्रे या नायिकेला फिनिक्स नावाची अफाट शक्ती १९७६ मध्ये मिळते आणि तिचा मृत्यू १९८० मध्ये होतो. मधल्या चार वर्षांत वाचक तिच्यासोबत जगलेला असतो, म्हणूनच तो मृत्यू जिव्हारी लागतो. २००० मध्ये मात्र कथानकाने एकदम सहा महिन्यांची उडी मारली. जीन आणि सायलॉक ही दुसरी नायिका यांच्या शक्तींची अदलाबदल वाचकाच्या नकळत उरकली गेली. सावकाश पेरणी हेच ज्याचे बलस्थान, त्याच्याकडून नेमकी तीच हिरावून घेतली.

प्रतिसाद १
सहा महिन्यांची उडी हे कारण अपुरे आहे. ‘निओ’ नावाचे जे नवे शत्रू त्यांनी आणले, त्यांचे हेतू आणि स्वभाव अनेक अंक वाचूनही मनात ठसत नाहीत. शिवाय, चित्रात स्पष्ट दिसणारी कृती पुन्हा निवेदनाच्या चौकटीत सांगण्याची त्यांची जुनी सवय तोवर कालबाह्य झाली होती. त्यांच्यानंतर २००१ मध्ये आलेल्या ग्रँट मॉरिसन यांनी सुरुवातीलाच जेनोशा या काल्पनिक राष्ट्रातील एक कोटी साठ लाख म्युटंटांचा (जन्मतः अद्भुत शक्ती असलेल्या माणसांचा) संहार दाखवला आणि मालिकेला खरी दिशा मिळाली.

प्रतिसाद २
निओंबद्दलचा आक्षेप मलाही पटतो. परंतु जेनोशा हे राष्ट्र १९८८ मध्ये क्लेअरमॉण्ट यांनीच रचले होते, म्युटंटांना गुलाम करणारी राजवट म्हणून, आणि मॉरिसन यांच्या संहाराला जे वजन आले त्यात त्या इतिहासाचा मोठा वाटा आहे. २००१ मध्येच सुरू झालेल्या ‘एक्स्ट्रीम एक्स-मेन’मध्ये स्टॉर्म या नायिकेच्या नेतृत्वाखालचा छोटा संघ आणि साल्व्हादोर लारोका यांची चित्रे मिळताच क्लेअरमॉण्ट पुष्कळ सावरलेले दिसतात. ती मालिका २००४ पर्यंत चालली.

प्रतिसाद १
चालली, पण २००३ मध्ये त्यांना तिथेही स्वतःच्याच १९८२ च्या चित्रकादंबरीचा उत्तरार्ध लिहावासा वाटला. ते जुन्यातच अडकून राहतात, माझी तक्रार नेमकी हीच आहे.