मुलीसाठी कॅथलिक शाळा: प्रार्थना आणि सेवेबद्दल विचारायचं होतं

नमस्कार मंडळी,

आमच्या लेकीला पुढच्या वर्षी सातवीपासून इथे मेलबर्नमध्ये लोरेटोत, म्हणजे लोरेटो सिस्टर्सच्या कॅथलिक शाळेत घालावं, असं घरात चाललंय. मुलींचीच शाळा, अभ्यास चांगला, ट्रामने जाता-येता येईल. सासूबाईंना मात्र काळजी वाटते. असेंब्लीत प्रार्थना, वर्षातून काही वेळा मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना), धर्माचा तास सगळ्यांना सक्तीचा. पोरगी आपलं विसरेल का, असं त्या विचारतात. मला दुसरंच विचारायचंय. माहितीपत्रकात पानोपानी ‘सेवा’ आहे. म्हणजे नेमकं काय करून घेतात? केकविक्री करून पैसे जमवायचे, की आणखी काही? स्वतः अशा शाळेत शिकलेल्यांनी जरूर लिहा.

स्नेहल

---

स्नेहल,

बाबा रेल्वेत होते, म्हणून आम्ही कोलकात्यात वाढलो आणि मी सियालदाच्या लोरेटोत शिकले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सासूबाईंना सांग, आमच्या वर्गात बंगाली, मारवाडी, मुसलमान, अँग्लो-इंडियन, सगळ्या होत्या. कॅथलिक मुलींना कॅटेकिझम (त्यांचं धर्मशिक्षण) असे, तेव्हा आम्हाला मॉरल सायन्स. सकाळी शाळेत हात जोडायचे आणि संध्याकाळी घरी रामरक्षा म्हणायची. घरात म्हणून घेणारं कोणी असलं की मूल विसरत नाही.

आता सेवेचं. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर सिरिल मूनी. मूळच्या आयर्लंडच्या, 1956 मध्ये भारतात आल्या आणि 1979 मध्ये सियालदाच्या शाळेची सूत्रं त्यांच्याकडे आली. फी भरणाऱ्या मुली आत आणि स्टेशनावर झोपणारी मुलं फाटकाबाहेर, हे त्यांना मंजूर नव्हतं. त्यांनी प्रवेशाची पद्धतच बदलत नेली. पुढे जवळजवळ निम्म्या मुली फी न भरणाऱ्या होत्या. तोच गणवेश, तेच बाक. 1985 मध्ये त्यांनी ‘रेनबो’ सुरू केलं. रस्त्यावरची मुलं जमेल तेव्हा येणार आणि त्यांना शिकवणार आम्ही, शाळेतल्या मुली. पाचवीपासून पुढे वर्क एज्युकेशनचे तास त्यासाठीच असत. वेळापत्रकातच होतं, त्यामुळे कोणी उपकार करतोय असं वाटायला जागाच नव्हती. ज्या मुलांना रात्री जायला ठिकाण नव्हतं ती पुढे शाळेतच राहू लागली.

माझ्या वाट्याला आलेली मुलगी कोले मार्केटात भाजीच्या पाट्यांमध्ये वाढलेली. तोंडी हिशेब माझ्यापेक्षा भराभर करायची. सव्वादोन किलो वांग्यांचे किती, विचारायची खोटी! पण आकडा लिहायला सांगितला की हात थांबायचा. व्हरांड्यात जमिनीवर बसून तिचं बोट धरून मी बंगाली पाच गिरवून घ्यायची. वैतागली की पाटी पालथी टाकून निघून जायची आणि पुढच्या तासाला आपणहून येऊन बसायची. मला तिचा राग यायचा, मग तिची वाटही पाहायची मी. शिकवणं किती अवघड असतं ते मला तिथे कळलं. आजही एखादा विद्यार्थी अडला की मी आधी त्याला काय येतं ते शोधते.

गुरुवारी बस भरून मुली खेड्यांतल्या शाळांत शिकवायला जायच्या. आपल्याच गल्लीत कोणाच्या घरी कामाला ठेवलेली लहान मुलगी आहे का, हेही मुली शोधायच्या आणि तिच्याशी मैत्री करायच्या. हे सगळ्यात कठीण, कारण ते घर कधी ओळखीच्यांचंच निघे.

सिस्टरना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली, 2023 मध्ये त्या गेल्या. मेलबर्नच्या शाळेकडून सियालदाची अपेक्षा ठेवू नकोस, पण एवढं नक्की विचार: मुली त्याच माणसांना वर्षभर भेटतात का, की एका दिवसापुरत्या जातात? ते तास वेळापत्रकात आहेत का? केकविक्रीला माझा विरोध नाही, पण पैसे कोणाकडे गेले ते केक विकणाऱ्या मुलीला कधी दिसत नाही.

मेधा

---

स्नेहल,

मेधाताईंचं पत्र आवडलं. आम्ही वसईचे कॅथलिक, मिस्सा मराठीतच ऐकत वाढलो, म्हणून थोडं जोडतो.

सेवा चांगली आणि प्रार्थना तेवढी सोसून घ्यायची, असं मुलीला शिकवू नका. या सिस्टर्सची संस्था काढणारी मेरी वॉर्ड इंग्लंडची. 1609 मध्ये तिने सुरुवात केली. नन्सनी भिंतीआड न राहता बाहेर पडून मुलींना शिकवावं, हा तिचा आग्रह. 1631 मध्ये पोपनी संस्थाच बंद केली आणि तिला म्युनिकमध्ये कोंडून ठेवलं. तिथून ती लिंबाच्या रसाने पत्रं लिहायची. कागद ऊबेला धरला की अक्षरं उमटत. एवढं होऊनही तिने श्रद्धा सोडली नाही, मुलींची शाळाही सोडली नाही. मदर तेरेसा याच लोरेटोच्या. कोलकात्यात एंटालीच्या सेंट मेरीज शाळेत त्या शिकवायच्या, आणि त्यांच्या पहिल्या सोबतिणी म्हणजे त्यांच्याच विद्यार्थिनी. ही माणसं रोज गुडघे टेकत होती, त्यातूनच त्यांना बळ मिळत होतं. मुलगी आपल्या देवाला हात जोडणारी असेल तर तिला हे लवकर समजेल.

मिस्साचं व्यवहारातलं सांगतो. कम्युनियन, म्हणजे मिस्सात फादर देतात ती पवित्र भाकर, फक्त कॅथलिकांसाठी असतं. बाकीच्या मुली जागेवर शांत बसू शकतात, किंवा रांगेत जाऊन छातीवर हात आडवे ठेवले की फादर नुसता आशीर्वाद देतात. दोन्ही चालतं. सासूबाईंना एकदा आमच्या चर्चमध्ये घेऊन या. माझी पत्नी शेजारी बसून सगळं समजावून सांगेल.

पास्कल

---

मेधाताई, पास्कलकाका,

दोन्ही पत्रं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. भाजीवाल्या मुलीचं त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. येत्या रविवारी त्या चर्चला यायला तयार आहेत. काका, वेळ कळवा. ओपन डेला मेधाताईंचे दोन्ही प्रश्न मी लिहूनच नेणार आहे. सहावीतल्या मुलींचे आणखी कोणी पालक येणार असतील तर सांगा, आमच्या गाडीत दोन जागा आहेत.

स्नेहल