अनुभव धागा : तुरुंगातल्या स्त्रिया आणि त्यांनी लिहिलेले अर्ज

धागाकर्ती :

मे १९८२ मध्ये पत्रकार शीला बारसे यांनी मुंबईच्या मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-बंद्यांशी बोलणे केले. त्यांपैकी पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, तेव्हा बारसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून स्वीकारले, निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन चौकशी करायला सांगितले आणि १५ फेब्रुवारी १९८३ च्या निकालात स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, स्त्री-पोलिसांचा पहारा, त्यांच्या उपस्थितीतच चौकशी आणि अटक होताच जवळच्या विधी साहाय्य समितीला खबर, असे निर्देश दिले. पुढे जून २०१७ मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात मंजुळा शेट्ये या बंदी स्त्रीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला, तेव्हा आतल्या स्त्रिया छतावर चढल्या, त्यांच्यातल्याच साक्षीदारांनी जबाब दिले आणि सहा महिला कर्मचाऱ्यांना अटक झाली. मात्र निषेध करणाऱ्या सुमारे दोनशे जणींवर दंगलीचा गुन्हाही नोंदवला गेला.

हे दोन्ही प्रसंग वर्तमानपत्रांत आले म्हणून आपल्याला माहीत आहेत. ज्या गोष्टी वर्तमानपत्रांत येत नाहीत, त्यांच्यासाठी हा धागा आहे. देशातील बंद्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण जेमतेम ४ टक्के असल्यामुळे तुरुंगाचे नियम, जागा आणि वेळापत्रक पुरुषांना समोर ठेवून ठरते, आणि स्त्रियांना साध्या साध्या गोष्टींसाठी अर्ज करावा लागतो. आपण आत राहिला असाल, आतल्या कोणासाठी धावपळ केली असेल किंवा या क्षेत्रात काम करत असाल, तर अर्ज कोणी लिहिला, कोणाकडे गेला आणि पुढे काय झाले, हे सविस्तर लिहावे. व्यक्तींची, तुरुंगांची आणि खटल्यांची नावे टाळावीत.

पूर्वी न्यायबंदी असलेली एक स्त्री, पश्चिम महाराष्ट्र :

मी एका पतसंस्थेत कारकून होते. संस्थेतील अपहाराच्या खटल्यात मला अटक झाली, दोन वर्षांहून अधिक काळ मी न्यायबंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीची कैदी, म्हणून आत होते आणि नंतर निर्दोष सुटले. खटल्याविषयी एवढेच पुरे.

बराकीत माझ्याकडे अर्ज लिहिण्याचे काम आले ते माझ्या अक्षरामुळे. पहिला अर्ज मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी आलेल्या एका बाईंचा होता. त्यांना जामीन मंजूर होऊन बरेच दिवस झाले होते, पण जामीनदार आणणार कोण? सातबारा असलेला दीर बोलायला तयार नव्हता आणि नवरा स्वतः त्याच खटल्यात पुरुषांच्या तुरुंगात होता. जामीन मिळाला म्हणजे आपण सुटलो, असे त्या धरून चालल्या होत्या आणि रोज सकाळी कपड्यांची पिशवी बांधून बसत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे की जामीन मिळूनही सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचे आणि महिन्याभरात हमी देता आली नाही, तर न्यायालय आपणहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकते. हे मला एका विधी स्वयंसेविकेने सांगितले. ते वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आणि त्यानंतरच्या प्रत्येक अशा अर्जात वापरले. त्या बाई अखेर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटल्या.

सुरुवातीला स्त्रिया अर्जात सगळे आयुष्य सांगू पाहत. लग्न कधी झाले, सासूने काय केले, पोलीस आले तेव्हा चुलीवर काय होते, हे सारे त्यांना न्यायाधीशांपर्यंत पोहोचवायचे असे, आणि ते कापताना त्यांना वाटे की मी त्यांची बाजूच कापते आहे. म्हणून आम्ही एक पद्धत ठरवली. मागणी पहिल्या दोन ओळींत लिहायची, त्याखाली खटला क्रमांक, न्यायालय आणि पुढची तारीख, आणि मग उरलेल्या पानावर बाईला जे सांगायचे असेल ते तिच्याच शब्दांत. तो उरलेला भाग कोणी वाचत असेल की नाही, मला सांगता येणार नाही. तो काढून टाकायला मात्र मी कधी तयार झाले नाही.

यापेक्षाही महत्त्वाचा होता जावक क्रमांक. अर्ज कार्यालयात दिला म्हणजे तो पुढे गेला, असे होत नाही. नोंदवहीतला जावक क्रमांक आणि तारीख मागून घेतली, तर पुढच्या फेरीला अधिकारी मॅडम आल्यावर 'अमुक तारखेला अमुक क्रमांकाने गेलेल्या अर्जाचे काय झाले' असे विचारता येते, आणि हा प्रश्न उद्धटपणाचा ठरत नाही. क्रमांक मागितल्याबद्दल सुरुवातीला आम्हाला बोलणी बसली. नंतर तोच शिरस्ता झाला.

एकटीने हे झाले नसते. मुंबईहून बदली होऊन आलेल्या बंगाली मुलींचे बोलणे समजून सांगणारी एक आजी होती. कोणाची तारीख पोलीस गार्ड न मिळाल्याने हुकली, याचा तोंडी हिशेब ठेवणारी एक होती. तिला लिहिता येत नव्हते, पण तिची यादी कधी चुकली नाही. आपला वकील कोण, हे निम्म्याहून अधिक जणींना ठाऊक नसे. म्हणून आमचा सर्वांत जास्त वेळा लिहिलेला अर्ज एकच होता : माझ्या वकिलांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक मला कळवावा.

विधी साहाय्य मंडळावरील वकील, विदर्भ :

वरील अनुभव वाचून कायद्याची दोन कलमे सांगावीशी वाटतात, कारण नातेवाईक आमच्याकडे येतात तेव्हा बहुधा वकिलाच्या फीचीच चिंता घेऊन येतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोणतीही स्त्री आणि कोठडीतील कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. तिथे उत्पन्नाचा दाखला मागण्याचा प्रश्न येत नाही. दुसरे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार पूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या व्यक्तीने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर तिला बंधपत्रावर सोडायचे असते आणि त्यासाठी न्यायालयाला लिहिण्याची जबाबदारी अधीक्षकांवर टाकली आहे. जुन्या खटल्यांतील बंद्यांनाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले.

परंतु या कलमाने स्त्रियांचे तुरुंग रिकामे होतील, अशी आशा कोणी बाळगू नये. ज्या गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते, तो त्यातून वगळलेला आहे. माझ्याकडच्या स्त्री-आरोपींत खून आणि हुंडाबळीच्या खटल्यांत सासू, नणंद, जाऊ म्हणून नाव आलेल्या पुष्कळ आहेत, आणि त्यांना ४७९ चा उपयोग शून्य. त्यांच्यासाठी कलम ४८० मधील परंतुक, म्हणजे कलमाला जोडलेला अपवाद, उरतो. त्यात अशा गुन्ह्यांतही स्त्रीला जामीन देता येतो असे म्हटले आहे, म्हणजे द्यावाच लागतो असे नव्हे.

बहिणीचा मुलगा सांभाळलेली मावशी, नाशिक जिल्हा :

माझी धाकटी बहीण अटक झाली तेव्हा गरोदर होती. बाळ सरकारी रुग्णालयात जन्मले आणि सहा वर्षांचे होईपर्यंत तिच्याजवळ राहिले. जन्मदाखल्यावर तुरुंगाचा पत्ता येऊ नये म्हणून तिने आतून अर्ज केला होता. अशी सोय आहे हे आम्हाला बाहेर कोणालाच माहीत नव्हते. तिला मात्र बराकीतल्या एका शिक्षिकेने सांगितले होते की सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये आर. डी. उपाध्याय खटल्यात तसा स्पष्ट आदेश दिला आहे आणि दाखल्यावर फक्त त्या परिसराचा पत्ता लिहायचा असतो. शाळेत नाव घालताना मला कोणी एकही प्रश्न विचारला नाही, तो त्या अर्जामुळे.

सहा वर्षांनंतर मूल आत ठेवता येत नाही. आईला आधी सांगून, मुलाला चार-दोन वेळा माझ्याकडे राहायला पाठवून मग ताटातूट करावी, अशी विनंती बहिणीने लेखी केली होती. ती मान्य झाली नाही. ठरल्या दिवशी मी गेले आणि मुलाला घेऊन आले. त्याने वाटेत कुत्रा पाहिला आणि तो बघण्यासाठी रस्त्यातच थांबला. चित्रांबाहेरचा कुत्रा त्याने क्वचितच पाहिला असावा. घरातले पुरुष रात्री परत येतात आणि सकाळी पुन्हा जातात, याचीही त्याला बरेच दिवस धास्ती वाटे.

पुढे बहिणीला शिक्षा झाली. आपल्याकडच्या तुरुंगांत 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो, त्यात मुलांना काचेशिवाय, जाळीशिवाय आईबाबांना भेटता येते. त्यासाठीही नाव द्यावे लागते आणि मुलाची कागदपत्रे वेळेत पोहोचवावी लागतात. बाहेरच्या नातेवाइकांना माझे सांगणे एवढेच, की आतली बाई जे कागद मागते ते लगेच पाठवावेत. पैसे नसले तरी ती निभावून नेते, पण झेरॉक्स नसेल तर तिचा अर्ज अडतो.

विमुक्त समाजातील कार्यकर्ती, मराठवाडा :

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने आमच्या पूर्वजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, हे आपण सर्व जाणता. मी आत गेले तेव्हा नोंदवहीत जात लिहून झाल्यावर मला काही न विचारता संडास सफाईच्या यादीत घातले. जिच्यावर माझ्याहून गंभीर आरोप होता, ती स्वयंपाकघरात गेली. मी न्यायबंदी होते; सफाईचे काम माझ्याकडून करून घेण्याचा अधिकारच कोणाला नव्हता. कामाच्या वाटणीबद्दल मी तोंडी तक्रार केली आणि माझी बराक बदलली गेली. लेखी तक्रार करायला मला लिहिता येत नव्हते. सही शिकले ती तिथेच.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना तुरुंगातील जातीवर आधारलेली कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. तो निकाल आम्ही वस्तीवर मोठ्याने वाचून घेतला. ज्या बायकांनी आत काम केले होते त्या एकेक करून बोलू लागल्या, आणि मग लक्षात आले की ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा कधी सांगितली नव्हती. आता आमच्या भागातून कोणी सुटून आली की आम्ही तिला विचारतो : रकाना अजून आहे का, काम कोणाला काय मिळते? उत्तरे लिहून ठेवतो.

एक वाचक, पुणे :

या धाग्यावर माझ्यासारख्याने लिहावे की नाही, याचा विचार करून लिहितो. माझ्या भावाच्या खुनाच्या खटल्यात एक स्त्री आरोपी आहे आणि ती दीर्घकाळ तुरुंगात आहे. तिच्याविषयी मला सहानुभूती नाही आणि ती माझ्याकडून कोणी अपेक्षूही नये. परंतु खटला लवकर चालवावा, असा तिने आतून केलेला अर्ज सुनावणीला आला, तेव्हा आमच्या वकिलांना मी विरोध करू नका असे सांगितले. तारखांना आम्हीही हेलपाटे घालतो. आरोपीला हजर केले नाही म्हणून तारीख पडते, तेव्हा साक्षीदार म्हणून आलेली माझी वृद्ध आईसुद्धा तशीच परत जाते.

सुटकेनंतरच्या मदतीचे काम केलेली निवृत्त समाजसेविका, ठाणे :

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या 'प्रयास' या प्रकल्पाने १९९० पासून पोलीस ठाणी आणि तुरुंगांत समाजसेवक नेऊन बसवले आणि मुंबईत या कामाला वळण लागले. पुरुष सुटतो तेव्हा दारात बहुधा बायको नाहीतर आई उभी असते. स्त्री सुटते तेव्हा अनेकदा कोणीही नसते, आणि संध्याकाळी सुटका झाली तर रात्र काढायची कुठे, हा पहिला प्रश्न असतो. माहेर म्हणते सासरी जा. सासरच्या रेशनकार्डावरून नाव केव्हाच कमी झालेले असते. आधार एका नावाने, न्यायालयाचे कागद दुसऱ्या नावाने, त्यामुळे बँक खाते उघडत नाही आणि खाते नाही म्हणून कोणतीही योजना मिळत नाही.

पैशांअभावी अडकलेल्यांसाठी केंद्र सरकारची २०२३ ची योजना आहे. २०२३ च्या मूळ नियमांनुसार तीत जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंड भरण्यासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदत जिल्हा समितीमार्फत मिळू शकत होती. ज्या स्त्रियांसाठी आम्ही प्रस्ताव पाठवले, त्यांना योजनेचे नावही ऐकून माहीत नव्हते. आमच्या बैठकांत पूर्वी आम्हीच बोलायचो. पुढे सुटून आलेल्या दोघी-तिघी येऊ लागल्या आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत आमचा छापील अर्जनमुना बाद केला, कारण त्यात 'नवऱ्याचे नाव' हा रकाना सक्तीचा होता आणि अर्ध्याअधिक जणी तिथेच अडत होत्या.

पूर्वी न्यायबंदी असलेली एक स्त्री, पश्चिम महाराष्ट्र :

व्यक्तिगत निरोपातून दोघींनी विचारले आहे की सुटताना कोणते कागद मागावेत. जमा केलेल्या वस्तूंची पावती दाखवून दागिने आणि मोबाइल मोजून घ्यावा. खात्यातली शिल्लक आणि कामाची मजुरी यांचा हिशेब लेखी मागावा. आत घेतलेल्या औषधोपचाराच्या कागदांच्या प्रती घ्याव्यात; रक्तदाबाची किंवा मानसोपचाराची गोळी चालू असेल, तर बाहेरच्या डॉक्टरांना त्याशिवाय काही कळत नाही. निर्दोष सुटलेल्या स्त्रीने निकालाची प्रमाणित प्रत अर्ज करून घ्यावी आणि तिच्या चार-पाच झेरॉक्स काढून ठेवाव्यात, कारण भाड्याच्या खोलीसाठी आणि धुण्याभांड्याच्या कामासाठीही पोलीस पडताळणी लागते आणि ठाण्यातल्या नोंदीत अटक दिसते, सुटका दिसेलच असे नाही. आत राहिलेल्या मैत्रिणीचा एखादा अर्ज अडलेला असेल, तर त्याचा जावक क्रमांकही लिहून आणावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात तो दाखवला की चौकशी लवकर लागते.