विषारी माती झाडांच्या भरवशावर सोडावी का?

मृण्मयी:
जड धातूंनी जमीन नासली की आजही ठरलेला उपाय म्हणजे वरचा थर खरवडायचा, ट्रक भरायचे आणि दुसरीकडे नेऊन पुरायचा. जमीन साफ होते, पण कसदार माती कायमची जाते. त्यापेक्षा झाडं लावा, असं माझं ठाम मत आहे. टेरिस व्हिटाटा हे नेचं मातीतलं आर्सेनिक पानांत साठवतं, हे २००१ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झालं. पानं कापा, पुन्हा फुटू द्या, पुन्हा कापा.

रसायनी:
कापलेल्या पानांचं काय करणार? धातू कुजून नाहीसा होत नाही. गुरांनी ती पानं खाल्ली तर विष पोटात, उघड्यावर जाळली तर आर्सेनिक धुरात. शिसं तर मातीला इतकं घट्ट धरून असतं की मुळांच्या हाती फारसं लागतच नाही. मोहरीला ते उचलता यावं म्हणून ईडीटीए हे धातू मातीतून सुटा करणारं रसायन घालून पाहिलं गेलं, पण सुटं झालेलं शिसं पाण्याबरोबर भूजलात उतरण्याची भीती. २०११ च्या अणुदुर्घटनेनंतर जपानमधल्या फुकुशिमात मोठ्या आशेनं सूर्यफुलं लावली. किरणोत्सारी सीझियम चिकणमातीत रुतलेलं, फुलांनी नगण्य उचललं. अखेर थर खरवडावाच लागला.

मृण्मयी:
फुकुशिमाचं मान्य. पण चेर्नोबिलजवळच्या तळ्यात सूर्यफुलं तराफ्यांवर वाढवली होती, मुळं थेट पाण्यात. तिथे त्यांनी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम शोषलं, कारण चिकणमाती आड नव्हती. झाड तेच, जागा वेगळी.

शिवार:
तुम्ही दोघंही शोषणावरच अडलात. वाळ्याची मुळं तीन मीटरपर्यंत खोल जातात आणि बहुतेक धातू मुळांतच अडतात. खाणीच्या उघड्या ढिगाऱ्यावरची धूळ वाऱ्यानं घराघरांत जाते, ती थांबवणं हेही मोठं काम आहे.

रसायनी:
धूळ थांबली, चांगलंच झालं. पण वाळ्याखाली शिसं तसंच राहणार. हिरवं दिसतंय म्हणून तिथे मुलांना खेळू द्याल?

मृण्मयी:
मुळीच नाही. घरांलगतची शिसंवाली माती उचलाच, त्यात वाद नाही. मी बोलतेय ती मैलोन् मैल थोडंथोडं प्रदूषण पसरलेल्या शेतजमिनीबद्दल. एवढी माती खरवडून टाकणार कुठे? पानं वाळवून, धूर गाळणाऱ्या भट्टीत जाळली तर पुरायला उरते मूठभर राख. भट्टीचा खर्च मात्र पहिल्याच दिवशी हिशेबात धरा.

रसायनी:
आणि वर्षंही धरा. तेवढी वर्षं त्या जमिनीवर अन्न पिकणार नाही. शेतकऱ्याला भरपाई कोण देणार, ते आधी ठरवा.