मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर दुरावलेल्या पतींशी कसे बोलावे?

कर्करोगामुळे माझ्या पतींची प्रोस्टेट ग्रंथी शस्त्रक्रियेने पूर्णपणे काढण्यात आली असून, त्यानंतर रक्तातील पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणारे प्रथिन, ज्यावरून कर्करोगावर लक्ष ठेवतात) प्रति मिलिलिटर ०.१ नॅनोग्रॅमच्याही खाली आल्याने मोठा दिलासा मिळाला आहे. कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर खोकताना, उठताना लघवी गळत असे. कीगल व्यायामांनी (लघवी रोखणारे स्नायू आवळण्याच्या व्यायामांनी) ते बरेच आटोक्यात आले. खरी अडचण वेगळी आहे. शस्त्रक्रियेत ताठरतेसाठी लागणारे मज्जातंतू वाचवले असले तरी ते सावरायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात आणि तोवर ताठरता न येणे अपेक्षितच आहे, असे डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही समजावले होते. तरीही हे स्वतःचे अपयश मानून ते माझा हात हातात घेणेसुद्धा टाळतात आणि मी विषय काढला की उठून जातात. मला शरीरसंबंधांची घाई नाही, त्यांची जवळीक हवी आहे. पण त्यांना कमीपणा न वाटता हे कसे सांगावे?

या टप्प्यातून गेलेल्या जोडप्यांनी, विशेषतः पुरुषांनी, पत्नीचे कोणते बोलणे आधार देऊन गेले आणि कोणते बोचले, हे कृपया लिहावे. ताठरतेसाठीच्या गोळ्या किंवा व्हॅक्यूम पंपाविषयी विचारायला डॉक्टरांकडे दोघांनी मिळून जावे, की आधी त्यांना एकट्याने बोलू द्यावे?