उद्यानांचा इतिहास उगाळून काय मिळणार म्हणे!

पाणकावळा:
काल अभयारण्यांच्या धाग्यावर टिकोजीरावांनी एक वाक्य फेकलं, "दीडशे वर्षांपूर्वी कुणाला कुठून हाकललं हे उगाळत बसण्यापेक्षा आज जे उरलंय ते वाचवा." त्यावर टाळ्यांचा पाऊस. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून वेगळा धागा काढतोय.

अहो पण उरलंय ते नेमकं काय उरलंय हे इतिहासाशिवाय कळणार कसं? सेंट्रल पार्क घ्या. लोकांना वाटतं न्यूयॉर्क वाढत गेलं आणि मधे रानाचा एक तुकडा कसाबसा राहिला. कसला राहिला! १८५७ साली तिथली सेनेका व्हिलेज नावाची वस्ती उठवली, सव्वादोनशेच्या आसपास माणसं, बहुतेक काळी, त्यातल्या कित्येकांच्या स्वतःच्या नावावर जमिनी, चर्च होती, शाळा होती. मग सुरुंग लावून खडक फोडले, बाहेरून माती आणली, तळी खणली. ते रान नाही, बांधकाम आहे.

कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानाचं तर अजून भारी. दरीतली मोकळी कुरणं आणि डेरेदार ओक बघून गोरे म्हणाले वा, निसर्गाने काय बाग फुलवलीय. आणि ज्यांची ती बाग त्या मूळ रहिवाशांवर १८५१ मध्ये पलटण घातली. ते लोक गवताला मुद्दाम आगी लावायचे म्हणून कुरणं मोकळी होती. आगी थांबल्या, कुरणात सूचिपर्णी झाडं घुसली, आणि सिकोया या तिथल्या महाकाय वृक्षाची नवी रोपं उगवेनात, कारण त्याच्या बीला रुजायला आगीने साफ झालेली माती लागते. शंभर वर्षं "संरक्षण" करून तेच घालवत होते. १९७० पासून उद्यानवाले स्वतःच ठरवून आगी लावायला लागले. आता सांगा, हे उगाळणं झालं का?

टिकोजीराव:
माझं अर्धंच वाक्य उचललंत, अपेक्षित होतं. पुढे हेही लिहिलं होतं की हा इतिहास सगळ्यात मन लावून कोण वाचतं? बिल्डरचा वकील. "हे मूळचं जंगल नाहीच, इथे आधी शेती होती, झाडं तर माणसांनीच लावलीत" हे तुम्ही लेखात लिहिलं की चिंतन, आणि सुनावणीत तेच वाक्य म्हणजे करवत. इंग्लंडातला ग्रीन बेल्ट बघा, शहरांभोवतीचा बांधकामाला आडकाठी असलेला पट्टा, देशाची १२-१३ टक्के जमीन, आणि दर थोड्या दिवसांनी कुणीतरी उठतंच की तिथे नुसती शेतं आणि गोल्फची मैदानं आहेत, कसला आलाय निसर्ग, बांधा घरं.

भटकी:
टिकोजीराव, हे उदाहरण तर तुमच्यावरच उलटतंय. ग्रीन बेल्ट निसर्ग वाचवायला केलाच नव्हता. शहरं पसरून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून १९५५ साली सरकारने परिपत्रक काढलं, पक्षी फुलपाखरं हा मुद्दाच नव्हता. बचाव करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं असतं तर "निसर्ग आहे हो" म्हणत बसले नसते आणि त्या वकिलाला आयतं कोलीत मिळालं नसतं. इतिहास वकिलाने वाचला हा दोष इतिहासाचा नाही, तुम्ही नाही वाचला त्याचा आहे.

टिकोजीराव:
बरं बाई, ग्रीन बेल्टचं मान्य. एका बेल्टचं.

निवांत:
इतकी चर्चा आणि राजस्थानातल्या भरतपूरच्या पक्षी उद्यानातल्या म्हशी कुणालाच आठवेनात? तिथला बांधच १८ व्या शतकात घातलेला, पुढे संस्थानिकांनी बदकं मारायला तळी जोपासली. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात चार हजारांवर पक्षी पडले, तिथे शिलालेखावर कोरलंय. आणि नंतर दोषी कोण ठरल्या तर म्हशी! १९८२ मध्ये चराई बंद केली, गावकरी भडकले, गोळीबार झाला, माणसं मेली. मग म्हशी नाहीत म्हटल्यावर पाणथळीत गवत असं माजलं की पक्ष्यांना उतरायला उघडं पाणी मिळेना. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) दहा वर्षांच्या अभ्यासातच निघालं की म्हशी उपयोगाच्या होत्या. शेवटी गवत कापायला बोलावलं कुणाला, त्याच गावकऱ्यांना.

अण्णा:
आल्या का म्हशी! संरक्षणावर कुठेही काही लिहा, तिसऱ्या प्रतिसादात भरतपूरच्या म्हशी येतात. माझे वडील वनरक्षक होते. परवाना दहा जनावरांचा, आत दीडशे, आणि मालक राखणारा गुराखी नाही, शहरातला व्यापारी, गुराखी बिचारा मजुरीवर. अडवलं म्हणून वडिलांचा हात मोडला, वरून साहेब म्हणाले उगाच वाकड्यात जाऊ नका. तो हात शेवटपर्यंत सरळ झाला नाही. तुमचा "चराई आणि निसर्गाचं नातं" त्या हाताला समजावा.

निवांत:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण दोष तर व्यापाऱ्याचा आणि साहेबाचा निघाला ना, म्हशीचा कुठे? आमच्या आजीची गुरं तळ्यात उतरायची. सुशोभीकरण म्हणून कुंपण आलं, गुरं बंद, आज तिथे पाणी दिसत नाही, नुसती जलपर्णी.

अण्णा:
जलपर्णी सांडपाण्याने माजते हो! गटारं सोडली तळ्यात आणि म्हणे म्हशी नाहीत म्हणून. खोलीत बसून गुरं वळणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही.

निवांत:
खोलीत बसून? मी दहा वर्षांचा होईपर्यंत शेण उचललंय, तुम्ही वनखात्याच्या क्वार्टरमधे वाढलात, कोण कुठे बसलं होतं ते बघा जरा.

पाणकावळा:
दोघेही थांबा. धागा शहरं आणि उद्यानांचा होता.

अण्णा:
थांबतो, पण एक सांगून. भरतपूरचं पाणी तोडलं ते नदीवर वरच्या अंगाला बांधलेल्या पांचना धरणाने. सायबेरियन क्रौंच तर चराईबंदीच्या आधीपासूनच कमी होत होते, येण्याच्या वाटेवर शिकार व्हायची. शेवटची जोडी दिसली २००१-०२ च्या हिवाळ्यात. त्याचं बिलही चराईबंदीवर फाडणारे भेटलेत मला. गवताचं तुमचं खरं आहे, असं वडीलही म्हणायचे. आता नाचा.

भटकी:
मला वेगळीच शंका आहे. दक्षिण कोरियात सोल शहरातला चॉंगयेचॉन ओढा. आधी झाकला, वर उड्डाणरस्ता बांधला, मग २००३ ते २००५ मधे सगळं पाडून ओढा परत उघडला, जगभर कौतुक. पण त्यातलं बरंचसं पाणी हान नदीतून पंपाने उपसून सोडतात. मग परत काय आणलं? इतिहास मानायचा तर कुठल्या सालचा ओढा आणायचा, कुणी ठरवायचं?

टिकोजीराव:
हेच तर कालपासून बोंबलतोय! साल निवडलं की राजकारण आलं. सेनेका व्हिलेज आठवायची म्हणून सेंट्रल पार्कवर आता घरं बांधायची का?

पाणकावळा:
कुणी म्हटलं बांधायची? पण आज नव्या उद्यानासाठी वस्ती उठवताना "इथे कुणी नव्हतंच" असं कागदावर येतं, तेव्हा हे आठवावं इतकंच. साल कुणी ठरवायचं ते मला सांगता येत नाही, भटकीने बरोबर जागी टोचलंय.

टिकोजीराव:
चला, प्रगती आहे. माझं ते वाक्य मी बदलून घेतो, "उगाळा, पण उगाळताना वकील बघत नाही ना ते बघा."

निवांत:
अण्णा, तुमच्या वडिलांनी गवताचं कुठे लिहून ठेवलंय का? खरंच विचारतोय, भांडायला नाही.

अण्णा:
डायऱ्या आहेत दोन. वाळवीने खाल्लेल्या. बघतो.