‘जीवाश्म प्रवाळ’ की ‘अश्मीभूत पोवळे’?

रंकाळाकाठ: जुन्या समुद्रपातळीवरच्या एका लेखाचा अनुवाद ‘फॉसिल कोरल’पाशी अडलाय. मसुद्यात ‘अश्मीभूत पोवळे’ होतं, तपासणाऱ्यांनी ‘जीवाश्म प्रवाळ’ केलं. दोन्हींच्या अर्थामध्ये खरंच फरक पडतो का?

गुजरीकर: शब्द एकच. संस्कृत ‘प्रवाल’ झिजून पोवळे झालं. पण आपल्या गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, पोवळं मागा, अंगठीचा लाल खडाच पुढं येईल. तो निराळ्या जातीच्या जीवाचा, त्याचा सांगाडा कॅल्साइटचा. जुनी समुद्रपातळी काढायला लागतात ती खडक रचणारी प्रवाळं, त्यांचा सांगाडा ॲरागोनाइटचा. दोन्ही खनिजं कॅल्शियम कार्बोनेटचीच, पण स्फटिकरचना निराळी. म्हणून ‘प्रवाळ’च लिहा.

जांभा-पन्हाळा: पोवळं राहू द्या, खरी चूक ‘अश्मीभूत’मध्ये आहे. कालमापनाला नेमकं दगड *न* झालेलं प्रवाळ हवं असतं. जिवंत प्रवाळ समुद्रातून युरेनियम घेतं, दहा लाखांत साधारण 3 भाग. थोरियम जवळपास शून्य. पुढं युरेनियम-234 पासून थोरियम-230 साठत जातं, त्याचं अर्धायुष्य सुमारे 75,600 वर्षं. या दोघांच्या गुणोत्तरावरून पाचेक लाख वर्षांपर्यंतचं वय निघतं. पण तुकडा उघड्यावर आला आणि पावसाचं गोडं पाणी मुरलं, की ॲरागोनाइट विरघळून त्या जागी कॅल्साइट बसतं, युरेनियम आतबाहेर होतं आणि हिशोब मोडतो. म्हणून आधी क्ष-किरण विवर्तनानं, म्हणजे स्फटिक ओळखायच्या चाचणीनं, कॅल्साइट किती ते बघायचं. एकदोन टक्क्यांवर गेलं तर नमुना बाद. तेवढ्यावरही थांबायचं नाही. वयावरून मागं जाऊन युरेनियम 234 आणि 238 यांचं मूळचं किरणोत्सारी गुणोत्तर काढायचं. ते समुद्राच्या 1.145 च्या आसपास यायला हवं. बरंच वर गेलं तर वय बहुधा फुगलेलं असतं.

पंचगंगा: जांभादादा, रसायन मान्य, पण शब्द व्युत्पत्तीवर चालत नाहीत. बर्फात केसांसकट सापडलेल्या मॅमथलाही जीवाश्मच म्हणतात. त्यात ‘अश्म’ आहे म्हणून तोही शब्द टाकणार का?

जांभा-पन्हाळा: ‘जीवाश्म’ रुळलाय, तो राहू दे. ‘अश्मीभूत’ मात्र प्रक्रियाच सांगतो, आणि चुकीची सांगतो.

शाहूपुरी: प्रवाळभित्तीला ‘पौळ’ का म्हणू नये? देवळाभोवतीची दगडी पौळ. बेटाभोवती तशीच असते, आणि पोवळे-पौळ यांचं नातंही दिसतं.

गुजरीकर: ताई, पौळ सुंदर आहे, पण नातं जोडू नका. ध्वनी जुळला म्हणून कूळ जुळत नाही. ‘प्रवाल’चा संस्कृतातला दुसरा अर्थ कोवळा अंकुर, भिंतीशी संबंध नाही.

रंकाळाकाठ: आणि ‘समुद्रसपाटी’? लेखात ‘समुद्रसपाटी 120 मीटर खाली होती’ असं वाक्य आहे.

पंचगंगा: तिथं ‘पातळी’ लिहा. सपाटी ही मोजायची ठरलेली रेघ. कोल्हापूर तिच्यापासून साधारण 550 मीटरवर. वरखाली होते ती पातळी.

जांभा-पन्हाळा: त्या वाक्यात आणखी एक खाच आहे. 120 मीटर हा बार्बाडोस या कॅरिबियन बेटावरून काढलेला हिमयुगातला आकडा. तिथली ॲक्रोपोरा पामाटा ही प्रवाळाची जात बहुतेक पाण्याच्या वरच्या 5 मीटरांतच वाढते, म्हणून ती पातळीची चांगली खूण. पण बार्बाडोसची जमीन हजार वर्षांत सुमारे 34 सेंटीमीटर उचलली जाते. तेवढी उचल हिशोबात धरली तरच पातळी निघते. शिवाय तुकडा जागचाच आहे का ते बघायचं. वाढीची दिशा वर हवी. उतारावरून गडगडलेला असेल तर पातळी उगाच खोल दिसते.

शाहूपुरी: हवामानाच्या भागात ‘वार्षिक वलयं’ चालेल ना?

गुजरीकर: नको, ‘पट्टे’ लिहा. वलय झाडाच्या बुंध्यात असतं. प्रवाळाची 5–7 मिलिमीटर जाडीची चकती वाढीच्या दिशेनं कापून क्ष-किरणांखाली धरली, की दाट-विरळ पट्ट्यांची जोडी दिसते; एक जोडी म्हणजे एक वर्ष. मग मिलिमीटर-मिलिमीटरवर भुकटी कोरून स्ट्रॉन्शियम आणि कॅल्शियमचं गुणोत्तर मोजतात. पाणी गरम तर ते कमी. कोरणी वाढीचा अक्ष सोडून तिरकी गेली तर तापमान चुकतं.

शाहूपुरी: मग पापुआ न्यू गिनीच्या ह्युऑन द्वीपकल्पावर प्रवाळांच्या उंच पायऱ्या आहेत, त्यांना ‘मजगी’ म्हणावं का?

पंचगंगा: मजगी माणूस पाडतो. इथं जमीन उचलली गेली. ‘टप्पे’ म्हणा.

शाहूपुरी: टप्पा प्रवासाचाही असतो. आपल्या डोंगरावरची भाताची मजगी बघितलेल्याला आकार लगेच कळेल.

जांभा-पन्हाळा: आकार कळेल, कारण चुकीचं कळेल.